माणापासून वसुधारेपर्यंत: बर्फाचं पाणी पाहायला कधी आणि कसं जावं

धबधबा म्हटलं की आपल्याला आषाढ-श्रावण आठवतो. ठोसेघर असो, रंधा असो की दूधसागर, चार दिवस धो धो पाऊस झाला की निघायचं, ही आपली लहानपणापासूनची सवय. मी पहिल्यांदा हिमालयातल्या वसुधारा धबधब्याला गेले ती याच सवयीने, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. वाटेत दरड कोसळली आणि दोन दिवस रस्त्यातच गेले. बद्रीनाथला पोचले तर डोंगर ढगात बुडालेले. माणाहून चालायला सुरुवात केली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पाऊण वाट संपली आणि समोरचं काही दिसेना, पायाखालचे दगड निसरडे झाले, मग मागे फिरले. धबधब्याचा आवाज तेवढा ऐकला.

नंतर दोनदा गेले, एकदा जूनमध्ये आणि एकदा सप्टेंबर सरताना. दोन्ही वेळा तो मनासारखा दिसला. तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वेळी माझे पाय, बूट, तयारी सगळं ठीक होतं. चुकला होता तो महिना आणि चुकली होती ती वेळ. वसुधारा मुळात बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर जगते. तिची भरती-ओहोटी पावसापेक्षा उन्हावर ठरते, वर्षाचीही आणि दिवसाचीही. एवढं एक समजून घेतलं की बाकीचं नियोजन आपोआप जुळत जातं. म्हणून या लेखात रस्ता आणि सामान यांच्याआधी महिना आणि वेळ यांबद्दल लिहिते आहे.

वसुधारा आहे कुठे

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पलीकडे. बद्रीनाथहून ३ किलोमीटरवर माणा गाव, आणि माणापासून साधारण ५ ते ६ किलोमीटर पायी चाललं की वसुधारा. पूर्वी माणाच्या वेशीवर ‘भारताचं शेवटचं गाव’ अशी पाटी असायची, आता ते ‘पहिलं गाव’ झालं आहे. गावाच्या उत्तरेला माणा खिंड आणि तिबेटची हद्द. त्या बाजूने सरस्वती नदी येते, पश्चिमेकडून अलकनंदा येते, आणि गावाच्या पायथ्याशी केशवप्रयागला दोघी मिळतात. आपली वाट सरस्वती ओलांडून अलकनंदेच्या काठाकाठाने, पण बरीच वरून, पश्चिमेकडे जाते.

धबधब्याची उंची सुमारे १२२ मीटर, म्हणजे ४०० फूट सांगतात. तो आहे समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरच्या आसपास. वर काळ्या-तांबूस कड्याच्या माथ्यावर बर्फ साठलेलं असतं. त्याचं पाणी कड्यावरून सुटतं आणि खाली येईतो त्याचा बराचसा भाग तुषार होऊन वाऱ्यावर जातो. दूधसागरासारखा पाण्याचा लोट इथे नाही, ती अपेक्षा घेऊन जाऊ नये. इथे पांढऱ्या पाण्याचा एक लांबच लांब पदर वाऱ्याबरोबर कड्यावर डावीउजवीकडे हलत असतो. पाच मिनिटं पाहिला तर तो पाच वेगळ्या आकारांत दिसतो.

कोणता महिना

बद्रीनाथचं मंदिर एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात उघडतं आणि नोव्हेंबरमध्ये बंद होतं. उघडण्याची तिथी वसंत पंचमीला जाहीर होते, बंद होण्याची विजयादशमीला. तुमचा प्रवास या दोन तारखांच्या मधेच बसवायचा. कपाट, म्हणजे मंदिराची दारं, बंद झाल्यावर माणाचे लोकही खालच्या गावांत उतरतात आणि इथे मदतीला कुणी उरत नाही.

मे महिना आपल्याकडे शाळांच्या सुट्टीचा, म्हणून सगळ्यात जास्त मराठी कुटुंबं याच महिन्यात जातात. पण वसुधारेच्या वाटेवर तेव्हा जागोजागी हिवाळ्याचं बर्फ पडून असतं. वरच्या उतारांवरून हिमकडे घसरून आलेले असतात आणि नाल्यांवर बर्फाचे पूल तयार झालेले असतात. गावातले लोक या बर्फाच्या पट्ट्यांनाच ‘ग्लेशियर’ म्हणतात. ‘आगे ग्लेशियर है’ असं कुणी सांगितलं तर ती मोठी हिमनदी नसते, वाटेवर आडवं पडलेलं बर्फ असतं. तरी सांगणारा जे सांगतो ते मनावर घ्यावं. हिमस्खलनाचा हा मुलूखच आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणाजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला आणि त्यात ८ कामगार गेले. मे महिन्यात तेवढा धोका नसतो, पण वर्षभर बर्फ झेललेले उतार तेच आहेत. पहिला पंधरवडा लहान मुलं आणि ज्येष्ठ यांच्यासाठी टाळावाच असं माझं स्पष्ट मत आहे.

मेचा शेवट ते जूनचा दुसरा आठवडा हा पाण्याचा खरा हंगाम. ऊन तापलेलं असतं, वरचं बर्फ जोरात वितळत असतं, पदर रुंद होतो. धबधब्याच्या पायथ्याशी बर्फाचा मोठा ढीग अजून शिल्लक असतो आणि पाणी त्याच्या पोटातून वाट काढतं. भरलेली वसुधारा पाहायची असेल आणि बर्फावर चालायची तयारी असेल तर हेच दिवस गाठावेत. यात्रेची गर्दी मात्र याच दिवसांत सगळ्यात जास्त असते.

जूनच्या उत्तरार्धापासून पावसाचा भरवसा नाही. १६ आणि १७ जून २०१३ ला उत्तराखंडात जो महापूर आला तो महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी जवळून अनुभवलं आहे. हजारो यात्रेकरू तेव्हा बद्रीनाथच्या बाजूलाही अडकले होते. जुलै-ऑगस्टमध्ये रानफुलं अप्रतिम असतात हे खरं, पण रस्ता कधी बंद होईल आणि कधी उघडेल ते कुणी सांगू शकत नाही. ज्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख पक्की आहे त्यांनी या दोन महिन्यांत जाऊ नये.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि घरच्या सगळ्यांना घेऊन जाणाऱ्यांना मी हेच दिवस सांगते. वाट कोरडी असते, आकाश धुतल्यासारखं असतं, दूरची शिखरं सकाळभर दिसतात. पाणी जूनपेक्षा कमी असतं, पण धार तुटलेली नसते. भाद्रपद द्वादशीला, म्हणजे वामन द्वादशीला, माणासमोरच्या माता मूर्ती मंदिरात जत्रा भरते. बद्रीनाथ त्या दिवशी आपल्या आईला भेटायला येतात अशी श्रद्धा आहे. तारखा जुळल्या तर तीही पाहता येते.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर थंडी कडाक्याची असते. धार बारीक होते, सकाळी तिच्या कडेला बर्फाची साय धरलेली दिसते. गर्दी जवळजवळ नसते. थंडी सोसणाऱ्यांनी जरूर जावं, पण आधी मंदिर बंद होण्याची तारीख पाहून.

दिवसाची वेळ, आणि पाप्यांच्या अंगावर न पडणारं पाणी

रात्रीच्या गारठ्यात वरचं बर्फ गोठतं, वितळणं मंदावतं. पहाटे धार सगळ्यात बारीक असते, ऊन चढेल तशी ती वाढते आणि दुपार कलल्यावर जोर धरते. वाटेतल्या ओढ्यांचंही तेच. सकाळी ज्यातून दगडांवर पाय ठेवत सहज गेलात तो ओढा दुपारी तीनला घोट्याच्या वर आलेला असू शकतो. बर्फाचा पट्टा सकाळी कडक असतो, दुपारी मऊ पडून पाय आत रुततो. शिवाय ऊन तापलं की दरीतला वारा खालून वर वाहू लागतो आणि दुपारपर्यंत ढग घेऊन येतो. त्यामुळे मोठी धार पाहायची म्हणून दुपारी जाण्याचा मोह धरू नये. सकाळी नऊ ते साडेदहा ही धबधब्यापाशी असण्याची उत्तम वेळ. ऊन कड्यावर आलेलं असतं, पाणी वाढायला लागलेलं असतं आणि परतीची वाट अजून शहाणी असते.

वसुधारेबद्दलची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट अशी की पापी माणसाच्या अंगावर तिचा थेंब पडत नाही. अष्टवसूंनी इथे तप केलं म्हणून हे नाव पडलं, आणि पांडव स्वर्गारोहणाला निघाले तेव्हा याच वाटेने गेले असं मानतात. ही श्रद्धा मला गोड वाटते, पण तिने माणसं दुखावलेलीही मी पाहिली आहेत. जूनच्या फेरीत आमच्याबरोबर सोलापूरकडच्या एक मावशी होत्या. बासष्ट वर्षांच्या, अख्खी वाट काठी टेकत आलेल्या. खाली उभ्या राहिल्या आणि अंगावर एक थेंब येईना. त्यांचा चेहरा पार उतरला. मी त्यांना म्हटलं, मावशी, पाण्याकडे बघा, वारा त्याला पलीकडे नेतोय. पंधराएक मिनिटं आम्ही नुसत्या बसून राहिलो. वाऱ्याने दिशा बदलली आणि तुषारांनी त्यांचा पदर भिजला. त्या रडल्या.

चारशे फुटांवरून पडणारं पाणी जमिनीपर्यंत येईतो इतकं फुटतं की ते कुठे पडायचं हे वारा ठरवतो. तुमच्याबरोबर वडीलधारी माणसं असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा. थेंब मिळवण्यासाठी कड्याच्या अगदी बुडाशी कुणालाही जाऊ देऊ नका. ऊन लागून सुटणारे दगड आणि बर्फाचे तुकडे तिथेच पडतात.

तिथवर पोचणं

मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वे आहे. इतर ठिकाणांहून दिल्लीमार्गे जाणं सोपं. विमानाने यायचं तर डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ. ऋषिकेशपासून बद्रीनाथ सुमारे ३०० किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि शेवटी जोशीमठच्या खाली विष्णुप्रयाग, असे पाचही प्रयाग या एकाच रस्त्यावर लागतात. अंतर ऐकून ‘सहा तासांत पोचू’ असा हिशोब करू नका. हा घाट पुण्या-महाबळेश्वरचा नाही. अख्खा दिवस जातो, आणि रात्री या रस्त्यावर वाहतूक थांबवतात.

चारधाम यात्रेची नोंदणी उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर किंवा ‘टूरिस्ट केअर उत्तराखंड’ या अ‍ॅपवर करावी लागते. ती मोफत आहे, पैसे मागणाऱ्या कुणालाही देऊ नका. देवदर्शनाला न जाता फक्त वसुधारेला जायचं म्हटलं तरी रस्ता तोच, म्हणून नोंदणी करूनच निघा. आधार कार्ड मूळ प्रत बरोबर ठेवा. माणाच्या पुढे लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांची ये-जा असते. वसुधारेपर्यंत जायला वेगळा परवाना लागत नाही. त्याच्याही पुढे सतोपंथ तलावाकडे जायचं असेल तर परवानगी आणि वाटाड्या दोन्ही हवेत. ड्रोन नेऊ नका. हा सीमाभाग आहे.

प्रवास असा बसवा. पहिल्या दिवशी पहाटे पाचला ऋषिकेश सोडा आणि जोशीमठला मुक्काम करा, किंवा थकलात तर त्याआधी पिपलकोटीला. ज्यांना एका दमात बद्रीनाथ गाठायचं असतं त्यांना मी थांबवते. जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर आहे, बद्रीनाथ ३,१०० मीटरच्या वर. मधली एक रात्र शरीराला लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून दुपारपर्यंत बद्रीनाथ, जोशीमठपासून ४५ किलोमीटर. त्या दिवशी फक्त दर्शन, आणि संध्याकाळी माणापर्यंत रमत गमत फेरी. व्यास गुंफा आणि गणेश गुंफा तेव्हाच पाहून घ्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने महाभारत लिहून घेतलं ते इथे, अशी श्रद्धा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी चालायला निघाल्यावर गुंफांपाशी रेंगाळलात तर सकाळचा मौल्यवान तास तिथेच जातो. तिसरा दिवस वसुधारेचा. चौथा दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली तर कामाला येतो. पाचव्या दिवशी परतीला लागा. हा मोकळा दिवस वाचवण्याच्या नादात कितीतरी लोक वसुधारा न पाहता परततात.

बद्रीनाथला धर्मशाळा, गढवाल मंडल विकास निगमची निवासस्थानं आणि हॉटेलं आहेत. शक्य असेल तर चालण्याच्या आदल्या रात्री माणातल्या एखाद्या घरगुती निवासात राहा. सकाळी गाडी शोधावी लागत नाही आणि थेट दारातून चालायला लागता येतं.

हवा विरळ आहे, हे विसरू नका

कळसूबाई १,६४६ मीटर. वसुधारेची वाट जिथून सुरू होते ते माणाच ३,२०० मीटरच्या जवळपास, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. धबधब्यापाशी एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. आपल्याकडे दर रविवारी गड चढणारे धडधाकट तरुणसुद्धा इथे धापा टाकतात, कारण ते आपल्या नेहमीच्या चालीने निघतात. तब्येत चांगली असणाऱ्याला उंची बाधत नाही हा गैरसमज आहे. घाई करणाऱ्याला ती बाधते.

बद्रीनाथला पहिल्या रात्री थोडं डोकं दुखणं, झोप तुटक लागणं, भूक मंदावणं हे पुष्कळांना होतं. गरम पाणी पीत राहा, हलकं जेवा, दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. सकाळी डोकं उतरलेलं असेल तर चाला. डोकं ठणकतंच आहे, मळमळतंय, चालताना तोल जातोय असं असेल तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत घरघर किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर वाट न पाहता त्या क्षणी खाली जोशीमठकडे उतरायचं, रात्र झाली तरी मदत मागून. वर थांबून ‘बघू सकाळी’ म्हणणं जिवावर बेततं.

उंचीच्या त्रासावर डायमॉक्ससारखी गोळी बरेच जण घेतात. ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी घरून निघण्याआधीच तपासणी करावी. आणि बद्रीनाथच्या तप्तकुंडातली, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडातली, आंघोळ चालून आल्यावर ठेवा. त्या कढत पाण्यात बराच वेळ बसून लगेच चढायला लागलं की अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटते.

बरोबर काय न्यावं

घोट्याला आधार देणारे, खाली खोल नक्षी असलेले बूट, आणि ते आधी महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून आलेल्यांच्या टाचांना माणातच फोड येतात. एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम टिपणारा बनियन, त्यावर लोकरी किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. चढताना घाम येतो, थांबलं की पाच मिनिटांत थंडी भरते, म्हणून काढता-घालता आलं पाहिजे. कानटोपी, हातमोजे, एक जादा पायमोज्यांचा जोड. तुषारात भिजायचं तर कोरडा शर्ट पिशवीत हवाच.

काळा चष्मा ही चैन समजू नका. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे सुजतात आणि दोन दिवस उघडवत नाहीत. चेहऱ्याला आणि ओठांना सनस्क्रीन लावा. एक काठी घ्या, माणात मिळते. माणशी दीड ते दोन लिटर पाणी, थोडं ओआरएस. खायला आपलं घरचंच उत्तम टिकतं: दशम्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खारीक. माणातून निघताना भीम पुलाजवळ चहाच्या टपऱ्या आहेत, त्यांच्या पुढे काही मिळेल असं धरून चालू नये. मोबाइलचंही तसंच. माणाच्या पुढे रेंज मिळेल असं समजू नका, कुठे निघालोत आणि कधी परतणार ते मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा. रोख पैसे बरोबर असू द्या.

प्रत्यक्ष चाल

सकाळी सहाला माणातून निघा. गावातल्या दगडी गल्ल्यांतून वाट भीम पुलापाशी येते. एका अरुंद घळीतून सरस्वती इतक्या जोराने बाहेर पडते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तिच्यावर आडवी पडलेली प्रचंड शिळा म्हणजे भीम पूल. द्रौपदीला नदी ओलांडता यावी म्हणून भीमाने ती टाकली असं सांगतात. कठडा ओलांडून फोटो काढू नका, दगड कायम ओले असतात.

पूल ओलांडला की वाट डावीकडे वळून चढू लागते. सुरुवातीला दगड बसवलेली, रुंद आणि सरळ वाट आहे. अलकनंदा डाव्या हाताला खूप खाली. पहिली वीस मिनिटं मुद्दाम संथ चाला. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजावं. इथे झाडं नाहीत. खुरटी झुडपं, गवत आणि दगड. सावली नाही, वारा अडवायला काही नाही. जून ते सप्टेंबर उतारांवर मेंढ्या दिसतात. त्यांची भोटिया कुत्री राखणीवर असतात. मेंढ्यांच्या कळपातून घुसू नका, मेंढपाळाला हाक मारून वाट विचारा. ‘भैजी’, म्हणजे दादा, म्हटलं की इथला माणूस मायेने बोलतो, बायकांना ‘दीदी’ म्हणावं.

साधारण अर्धी वाट झाली की समोरच्या कड्यावर एक पांढरी रेघ दिसते. इथेच लोक फसतात. आलाच की, असं वाटून वेग वाढवतात, आणि पुढचा खरा चढ इथूनच सुरू होतो. बसवलेले दगड संपत जातात, वाट अरुंद होते, सुट्या खडकांतून आणि ओढ्यांतून जाते. रेघ दिसल्यापासून एक तास तरी लागतो हे धरून चाला. माणापासून जाताना एकूण दोन ते अडीच तास, ज्येष्ठांबरोबर तीन. येताना दीड ते दोन.

मे-जूनमध्ये बर्फाचा पट्टा आडवा आला तर आधी थांबा. पावलांची मळलेली वाट आहे का पाहा. नसेल तर परत फिरा, नवी वाट काढणं हे आपलं काम नाही. कान देऊन ऐका. खालून पाण्याचा आवाज येत असेल तर तो बर्फाचा पूल आहे आणि त्याच्या कडा पोकळ असतात. मधे खोलगट, भेगाळलेला किंवा करडा-निळसर झालेला भाग टाळा. काठीने पुढचं बर्फ ठोकत, एकेक जण, आधीच्याने पार केल्यावर दुसरा, असं ओलांडा. चढताना बुटाचा पुढचा भाग आणि उतरताना टाच बर्फात रोवून पाय टाकायचा. बर्फावर घसरगुंडी करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या घसरणीच्या टोकाला काय आहे हे वरून दिसत नाही, आणि पुष्कळदा तिथे नाला असतो.

धबधब्याच्या समोर पोचलात की पाठीवरची पिशवी उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहा: वारा कुठून आहे आणि पायथ्याशी बर्फ आहे का. बर्फाच्या ढिगाऱ्यावर किंवा त्याच्या कमानीखाली अजिबात जायचं नाही, कितीही सुंदर दिसली तरी. तुषार तिथपर्यंत येतात अशा कडेच्या खडकांवर, कड्यापासून बरंच अंतर राखून बसा. पाण्याकडे पाठ करून दरीकडेही पाहायला विसरू नका. निरभ्र सकाळी पश्चिमेला चौखंबाची ७,१३८ मीटर उंचीची भिंत दिसते, आणि तिच्या पायाशी सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्यांची दरी. अलकनंदेचा उगम तिथला. जोशीमठला खाली गर्जना करणारी नदी इथे किती कोवळी आहे हे पाहून मला दोन्ही वेळा भरून आलं.

तासभर थांबा, भिजला असाल तर लगेच कपडे बदला, काही खा. खाल्लेल्याचं एकही वेष्टन मागे राहता कामा नये. वर कचरा उचलणारं कुणी नाही, आणि इथे टाकलेलं प्लास्टिक सरळ अलकनंदेत जातं. साडेदहाला उठायचंच. ढग खालून वर सरकताना दिसले तर त्याआधी. धबधबा अजून पंधरा मिनिटांवर असताना ढग आले तरी हाच नियम. मी पहिल्या वेळी परत फिरले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कुणाला चालणं झेपणार नसेल तर आदल्या संध्याकाळीच माणात खेचर किंवा पिट्ठू (पाठीवरून वाहून नेणारे) यांची चौकशी करा आणि पैसे आधी ठरवा. वाटेतल्या ओढ्यांची आणि बर्फाची त्या दिवशीची खबरही याच माणसांकडून मिळते, कोणत्याही अ‍ॅपपेक्षा ताजी.

दुपारी एकपर्यंत माणात परत आलात की चहा घ्या आणि अर्धा तास नुसते बसा. उतरताना गुडघे बोलू लागतात, ते इथे कळतं. गावातल्या बायका दारात बसून लोकरीचे मोजे, टोप्या विणत असतात. त्यांच्याकडे ‘फरण’ नावाचं वाळवलेलं पहाडी पान मिळतं. तुपात टाकून डाळीला फोडणी दिली की लसणासारखा, पण त्याहून हलका वास सुटतो. एक पुडी नक्की घ्या. बरोबरच्या प्रत्येकाला डोकं दुखतंय का ते विचारा, मग बद्रीनाथला जाऊन तप्तकुंडावर आंघोळ, गरम जेवण आणि लवकर झोप. परतीच्या दिवशी पहाटेच खाली उतरायला लागा, दरडींचा रस्ता जितक्या सकाळी ओलांडाल तितका बरा.